मदत हवी आहे: पॉडकास्टच्या अ‍ॅफिलिएट लिंकवर कुणी क्लिकच करत नाही

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची. गोव्याच्या स्वयंपाकावर मराठी पॉडकास्ट करते. (पावसाळ्यात छपराच्या कौलांवर असा आवाज होतो की रेकॉर्डिंग मध्यरात्रीच!) श्रोते मोजकेच, पण तिरफळं (माशांच्या आमटीतला मसाला) कुठे मिळतात, तवसळीला (काकडीच्या केकला) भांडं कुठलं, असं मुंबई-पुण्याहून सतत विचारतात. म्हणून अ‍ॅमेझॉनचं अ‍ॅफिलिएट खातं उघडलं, म्हणजे माझ्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की मला कमिशन. १८० दिवसांत ३ विक्र्या झाल्या नाहीत तर ते बंद होतं. माझे ११० दिवस संपले, विक्री १.

लिंक एपिसोडच्या वर्णनात असते. पण ऐकणारी बाई बांगडे साफ करतेय, हात खवल्यांचे. ती कधी फोन उघडणार? नंतर उघडलाच तरी लिंक दाबल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये टाकली तरच कमिशन.

तोंडाने सांगता येईल असा लिंकचा छोटा वेब-पत्ता वापरून कुणाला फरक पडलाय का? की म्हापशाच्या बाजारातल्या मसालेवाल्याशीच बोलून कूपन कोड घेऊ? मला दुसरं जास्त पटतंय, पण हिशेब कसा ठेवायचा? आणि ‘यातून मला कमिशन मिळतं’ हे तर सांगायचंच. तुम्ही सुरुवातीला सांगता की वस्तूचं नाव घेताना?