वाचनालयातील जुनी पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली करता येतील का?

पेठकर:
सप्रेम नमस्कार. पुण्याच्या पेठेतील आमच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात जुनी पुस्तके आणि मासिकांचे बांधीव खंड आहेत, आणि त्यांची पाने इतकी ठिसूळ झाली आहेत की उलटताना कडा हातात येतात. ती स्कॅन करून कोणालाही घरबसल्या वाचता यावीत, असा कार्यकारिणीचा विचार आहे. पूर्वी काही पुस्तकांच्या सीडी केल्या होत्या. मूळ प्रती ‘आता काम झाले’ म्हणून रद्दीत गेल्या आणि आज त्या सीडी उघडत नाहीत. कायद्याने काय चालते आणि फायली कशा जपाव्यात?

जुनीपाने:
स्कॅन करणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते पुस्तक संगणकीय स्वरूपात साठवता येते, मग त्यावर हक्क असले तरी चालते. इंटरनेटवर ठेवायचे असेल तर मात्र लेखकाच्या निधनाचे वर्ष संपल्यावर पुढची ६० वर्षे सरलेली असावी लागतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले झाले. पण त्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीला दुसऱ्या कोणाची प्रस्तावना असेल, तर तिचा हिशेब वेगळा लागतो. हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

पेठकर:
आभारी आहे. मासिकांत तर निम्मे लेखक टोपणनावाने लिहिणारे आहेत. त्यांचे काय करावे?

जुनीपाने:
टोपणनावाने छापलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. मात्र ती मुदत संपण्यापूर्वी लेखकाचे खरे नाव उघड झाले असेल, तर पुन्हा निधनापासून मोजावी लागतात. म्हणून संपूर्ण अंकाला एकच शिक्का मारू नका. प्रत्येक लेखाची नोंद करा आणि ज्याचा उलगडा होत नाही तो लेख तूर्त वाचनालयाच्या संगणकावरच दाखवा. काम किचकट आहे, याला इलाज नाही.

वाळवी:
जतनाविषयी थोडे सांगतो. मूळ स्कॅन टिफमध्ये (चित्राचा पूर्ण तपशील राखणारा फाइलचा प्रकार) ठेवावेत आणि वाचकांसाठी त्यांवरून पीडीएफ करावी. किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत काय झाले, हे पुणेकरांना निराळे सांगायला नको. सरकारी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे संकेतस्थळ बंद पडल्यावरही तिथली अनेक मराठी पुस्तके आज वाचता येतात, कारण कोणीतरी ती आधीच ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या मोफत डिजिटल ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर उतरवून ठेवली होती. तेव्हा खुल्या झालेल्या पुस्तकांच्या फायली केवळ स्वतःच्या संकेतस्थळावर न ठेवता तिथेही चढवाव्यात. दरवर्षी एकदा प्रत्येक प्रतीतील काही फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. सीडीच्या बाबतीत नेमके तेच राहून गेले असणार. आणि या खेपेस मूळ प्रती कृपया रद्दीत देऊ नका.