स्टोरेज सर्व्हरवर लेखनाचा वेग अचानक मंदावला आहे. रेड कंट्रोलर बदलावा का?

छायावेध (धागाकर्ती)
नमस्कार. कोल्हापुरात आमचा छायाचित्रण आणि व्हिडिओ संकलनाचा स्टुडिओ आहे. सगळ्या कामांचा साठा एका रिफर्बिश्ड सर्व्हरवर असून त्यात ४ टीबीच्या आठ साटा डिस्क हार्डवेअर रेड ६ मध्ये (एका कार्डाने जोडलेला असा संच की दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो) लावलेल्या आहेत. हे रेड कार्ड, म्हणजेच कंट्रोलर, पीसीआयई २.० पिढीचे (पीसीआयई म्हणजे मदरबोर्डवर कार्ड जोडण्याची वाट), ५१२ एमबी कॅशेचे (तात्पुरत्या मेमरीचे) आणि बॅटरीसह घेतलेले आहे. गेल्या महिन्यापर्यंत गिगाबिट नेटवर्कवरून फाइली सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेगाने चढत असत. आता मोठ्या व्हिडिओ फाइलींना जेमतेम ४० चा वेग मिळतो आणि हजारो छोट्या फाइली असलेले कॅटलॉगचे फोल्डर चढवताना तर आकडा एकेरी होतो. वाचनाचा वेग मात्र पूर्वीइतकाच आहे. डिस्क सीएमआर प्रकारच्या (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या) आहेत आणि कोणत्याही डिस्कवर लाल दिवा लागलेला नाही. खर्चाची मर्यादा १२,००० रुपये असून लग्नसराई तोंडावर असल्याने सर्व्हर फार काळ बंद ठेवता येणार नाही. कंट्रोलर बदलावा की आणखी काही तपासावे, याबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

सह्याद्रीवासी
ताई, हार्डवेअर रेडचा काळ संपला, असे माझे स्पष्ट मत आहे. मी दोन वर्षांपूर्वी ६४ जीबी ईसीसी (चुका सुधारणाऱ्या) मेमरीचा नवा सर्व्हर घेतला, त्यात आयटी मोडमधील एचबीए (स्वतः रेड न करता डिस्क थेट सिस्टिमला देणारे कार्ड) बसवले आणि झेडएफएस (रेडचे काम स्वतःच करणारी फाइल सिस्टिम) लावले. तेव्हापासून कंट्रोलर हा विषयच माझ्या डोक्यातून गेला आहे. खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला, परंतु ग्राहकांच्या आठवणी सांभाळायच्या असतील तर एवढा खर्च करायलाच हवा.

नारळीबाग
तुमच्या डिस्क नक्की एसएमआर (पट्टे अंशतः एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असणार. वेस्टर्न डिजिटलने ‘रेड’ (Red) नावाच्या डिस्क मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये एसएमआर तंत्र वापरल्याचे २०२० च्या एप्रिलमध्ये मान्य केले होते, हे विसरू नका. अशा डिस्कवर सलग लेखन सुरू झाले की वेग कोसळतो. आधी मॉडेल क्रमांक तपासा.

बाइटवाला_पुणे
धागाकर्तीने डिस्क सीएमआर असल्याचे पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे. माझ्या मते कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये असावे. आमच्या कार्यालयात एक्स८ (आठ लेनचे) कार्ड एक्स४ (चार लेनच्या) जोडणीच्या स्लॉटमध्ये बसवलेले निघाले होते आणि स्लॉट बदलताच फरक जाणवला. एलएसपीसीआय या लिनक्स आज्ञेच्या सविस्तर माहितीत लिंक स्टेटसची ओळ पाहावी. तिथे रुंदी कमी झालेली असेल तर ते स्पष्ट लिहिलेले असते.

विदुला_न्यूजर्सी
स्लॉटचा मुद्दा मला इथे पटत नाही. पीसीआयई २.० ची एक लेन सेकंदाला ५०० एमबी वाहून नेते, म्हणजे चारच लेन मिळाल्या तरी २,००० एमबीची वाट मोकळी असते आणि इथे तर ११० एमबीचीही मारामार आहे. शिवाय वाट अरुंद असती तर वाचनही मंदावले असते. वाचन ठीक आणि केवळ लेखन कोसळलेले, हे लक्षण कॅशेच्या धोरणाकडे बोट दाखवते. कार्डाची बॅटरी निकामी झाली की बहुतेक कंट्रोलर आपणहून राइट-बॅक (लेखन आधी कॅशेत घेऊन डिस्कवर नंतर उतरवणे) सोडून राइट-थ्रूवर (प्रत्येक लेखन डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणे) जातात आणि डिस्कवर कोणताही दिवा लागत नाही. ताई, कार्ड एलएसआय कंपनीच्या कुळातील असेल तर स्टॉरसीएलआय किंवा मेगासीएलआय ही कार्ड तपासण्याची साधने वापरून बॅटरीची स्थिती आणि लॉजिकल ड्राइव्हचे कॅशे धोरण दोन्ही पाहा. धोरणाच्या दोन ओळी दिसतील, एक डीफॉल्ट आणि एक करंट. त्या दोहोंत तफावत असेल तर निदान झालेच म्हणून समजा.

सह्याद्रीवासी
मी जे म्हटले तेच पुन्हा सिद्ध होत आहे. झेडएफएसला बॅटरी लागत नाही.

विदुला_न्यूजर्सी
झेडएफएसला बॅटरी लागत नाही हे खरे आहे, परंतु सिंक लेखनाला (डिस्कवर पोहोचल्याची खात्री मागणाऱ्या लेखनाला) तेही डिस्कच्याच वेगाने चालते. म्हणून तर लोक वीज जाण्यापासून संरक्षण असलेली एसएसडी स्लॉगसाठी (अशा लेखनाच्या वेगळ्या नोंदवहीसाठी) लावतात. आणि हार्डवेअर रेडवरून झेडएफएसवर जायचे म्हणजे आठही डिस्क पुसाव्या लागतील. आठांपैकी सहा डिस्कचा म्हणजे २४ टीबीचा वापरण्याजोगा साठा तोवर ठेवायचा कुठे, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

लॅमिंग्टन_जुना
एचबीए घ्यायचे ठरलेच तर दहा वेळा विचार करून घ्या. मी लॅमिंग्टन रोडवरून एक कार्ड घेतले, विक्रेत्याने ते आयटी मोडचे असल्याचे सांगितले, घरी आणून पाहतो तर आत मूळ उत्पादकाचेच फर्मवेअर होते आणि बिल नसल्यामुळे परतही घेतले नाही. फर्मवेअरमुळे किती फरक पडतो याचे उदाहरण म्हणजे डेलचे पर्क एच३१० हे कार्ड: मूळ फर्मवेअरमध्ये त्याच्या रांगेची खोली (एका वेळी रांगेत घेता येणाऱ्या आज्ञांची संख्या) केवळ २५ असते आणि एलएसआयचे फर्मवेअर चढवल्यावर तीच ६०० होते. एलएसआयच्या संकेतस्थळावरून फर्मवेअर उतरवता येते.

बाइटवाला_पुणे
एलएसआय २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम हे नाव धारण केले. फर्मवेअर आता ब्रॉडकॉमकडे शोधावे लागते.

नारळीबाग
मॉडेल क्रमांक अजून कळलेला नाही.

छायावेध
सर्वांचे आभार. विदुलाताईंनी सांगितल्याप्रमाणे पाहिले. बॅटरीची स्थिती फेल्ड अशी दिसते. कॅशे धोरणाच्या डीफॉल्ट ओळीत राइट-बॅक आणि त्यापुढे ‘नो राइट कॅशे इफ बॅड बीबीयू’ (बॅटरी खराब असल्यास राइट-बॅक नको) असे आहे. करंट ओळीत राइट-थ्रू आहे. स्मार्ट अहवालात (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य नोंदीत) पेंडिंग म्हणजे संशयित सेक्टर शून्य आहेत आणि १९९ क्रमांकाची सीआरसी त्रुटींची (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांची) नोंदही शून्य आहे, त्यामुळे केबलवरचा संशय मी सोडून दिला आहे.

कृष्णाकाठ
मग प्रश्न मिटला. आमच्याकडे सांगलीत अशीच बॅटरी गेली, तेव्हा आम्ही बॅटरी नसतानाही राइट-बॅक सक्तीने चालू केले आणि दोन केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस लावला. वीज कितीही वेळा गेली तरी आजवर एक फाइल बिघडलेली नाही. खर्च शून्य, कारण यूपीएस होताच.

विदुला_न्यूजर्सी
हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. यूपीएस भिंतीपासूनचे संरक्षण देतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला किंवा केबल निघाली तर कार्डावरील मेमरीत थांबलेले लेखन नाहीसे होते. कंट्रोलरने ‘लिहून झाले’ असे ऑपरेटिंग सिस्टिमला आधीच कळवलेले असल्याने जर्नलचा (फाइल सिस्टिम सावरण्यासाठीच्या बदलांच्या नोंदवहीचा) भरवसाही उरत नाही आणि एखादी फाइल नव्हे तर अख्खी फाइल सिस्टिम बिघडू शकते. लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही.

बाइटवाला_पुणे
सर्व्हर हँग झाला तरी हेच होईल.

विदुला_न्यूजर्सी
तसे नाही. ऑपरेटिंग सिस्टिम कोलमडली तरी कार्डाला वीज मिळत असेपर्यंत कंट्रोलर आपल्या कॅशेतील लेखन डिस्कवर उतरवू शकतो. धोका वीज तुटण्याचा आहे आणि बॅटरी नेमकी त्यासाठीच असते.

सह्याद्रीवासी
झेडएफएससाठी नवा सर्व्हर घेताना किमान प्रत्येक टीबीमागे १ जीबी मेमरी ठेवा, म्हणजे २४ टीबीला ३२ जीबी तरी हवीच.

लॅमिंग्टन_जुना
तो नियम नाही, केवळ अंदाज आहे. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणे) वापरायचे नसेल तर फाइल सर्व्हर त्याहून बऱ्याच कमी मेमरीत नीट चालतो. माझा सल्ला बॅटरीचाच आहे. मात्र जुना साठा म्हणून विकली जाणारी बॅटरी घेऊ नका. लिथियम-आयन बॅटरी पाकिटात पडून राहिली तरी वयाने क्षीण होते आणि पुढच्या लर्न सायकलला (कंट्रोलरने घेतलेल्या बॅटरीच्या चाचणीला) पुन्हा नापास होते. शक्य असेल तर बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅशचे मॉड्यूल असलेले नव्या पिढीचे कार्ड पाहा.

छायावेध
एक प्रश्न आहे. राइट-थ्रूमध्ये छोट्या फाइलींवर एवढा मोठा परिणाम का होतो? मोठ्या फाइलींना निदान ४० चा वेग तरी मिळतो.

विदुला_न्यूजर्सी
रेड ६ मध्ये एका छोट्या लेखनासाठी सहा कामे होतात: जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (गेलेली डिस्क भरून काढणारी माहिती) वाचणे, मग नवा डेटा आणि दोन्ही नव्या पॅरिटी लिहिणे. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला साधारण ७५ विखुरलेली कामे करते. आठ डिस्कची मिळून ६०० होतात आणि सहाने भागले की सेकंदाला १०० लेखने हाती उरतात. प्रत्येक लेखन ३२ ते ६४ केबीचे धरले तर ३ ते ६ एमबी, म्हणजे तुम्हाला दिसणारा एकेरी आकडा. राइट-बॅक चालू असताना कंट्रोलर हे तुकडे कॅशेत जमवतो आणि जमेल तिथे अख्खा स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेला एक पट्टा) एकदम लिहितो, त्यामुळे जुने वाचण्याची गरजच राहत नाही. सलग मोठ्या फाइलींना राइट-थ्रूमध्येही काही प्रमाणात हा लाभ मिळतो. तेव्हा खात्रीच्या ठिकाणाहून नवी बॅटरी घ्या, असेच मी सांगेन.

कृष्णाकाठ
यूपीएस चांगला असेल तर बॅटरीची गरज नाही, हे मी अनुभवाने सांगत आहे.

छायावेध
सर्वांचा सल्ला विचारात घेऊन निर्णय घेतला आहे आणि तो कोणाच्याच सुचवणीशी जुळत नाही, तरी कारणे लिहिते. या कार्डाची खात्रीची बॅटरी कोल्हापुरात मिळत नाही आणि इतक्या जुन्या कार्डावर पैसे घालणे मला योग्य वाटत नाही. सक्तीचे राइट-बॅक तर मुळीच नको. त्यामुळे रेड संच आहे तसाच राइट-थ्रूवर ठेवणार आहे. बजेटमध्ये बसणारी १ टीबीची एक साटा एसएसडी मदरबोर्डच्या पोर्टवर लावून चालू कामे आणि कॅटलॉग त्यावर ठेवीन आणि रात्री आरसिंक या प्रत करणाऱ्या साधनाने सगळे रेड संचावर उतरवीन. एका मोठ्या लग्नाचे २०० जीबी धरले तरी ४० च्या वेगाने दीड तासाच्या आत काम होते. रात्री तेवढा वेळ माझ्याकडे आहे, दिवसा नाही. नेटवर्क गिगाबिटच असल्याने एसएसडी याहून वेगवान घेऊन उपयोग नाही.

सह्याद्रीवासी
एकाच एसएसडीवर चालू काम ठेवणे मला मान्य नाही. ती दुपारी गेली तर त्या दिवसाचे काम गेले.

छायावेध
त्यासाठी कॅमेऱ्याची कार्डे रात्रीची प्रत होऊन सकाळी चेकसम (प्रत हुबेहूब आहे हे दाखवणारा आकडा) जुळेपर्यंत फॉरमॅट करायची नाहीत, असा दंडक घातला आहे. प्रत्येक कार्डाच्या डबीवर तारखेची पट्टी चिकटवलेली असते. संकलनाचे दिवसभराचे काम जाऊ शकते, हे मान्य आहे. म्हणून प्रोजेक्ट फाइली दर तासाला रेड संचावर उतरवणार आहे. त्या लहान असतात, मंद वेगही पुरतो.

विदुला_न्यूजर्सी
बॅटरीबद्दल माझे मत बदललेले नाही, पण ही योजना धोका न वाढवता चालेल. एक गोष्ट मात्र तपासा. कंट्रोलरचे पॅट्रोल रीड (डिस्क वाचून खराब जागा शोधणे) आणि कन्सिस्टन्सी चेक (डेटा आणि पॅरिटी जुळतात का ते पाहणे) बहुधा रात्रीच ठरवलेले असतात. ते आणि तुमची प्रत एकाच वेळी चालली तर ४० चा वेगही मिळणार नाही.

छायावेध
पाहिले. कन्सिस्टन्सी चेक शनिवारी मध्यरात्रीनंतर लागत होता. तो आता सोमवारी दुपारी ठेवला आहे, त्या दिवशी स्टुडिओ बंद असतो.

नारळीबाग
मॉडेल क्रमांक जमल्यास कळवा.