हंगाम उघडा म्हणजे मासा घरी नेता येतो असं नाही

स्कॉटलंडच्या टे नदीवर हंगाम १५ जानेवारीला उघडतो, मग मार्चमध्ये पकडलेला सॅमन मासा सोडून का द्यायचा, असं एकाने विचारलंय. हे दोन वेगळे नियम आहेत. गळ टाकायला परवानगी १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर. पण ३१ मार्चपर्यंत गळाला लागलेला प्रत्येक सॅमन परत पाण्यात सोडावाच लागतो, आणि हे स्कॉटलंडभर लागू आहे. कारण वसंतातले मासे समुद्रातून लवकर येतात, जवळपास काही न खाता महिनोन्‌महिने नदीत राहतात आणि शरदाच्या शेवटी अंडी घालतात. त्यांची संख्या बरीच घटली आहे.

एप्रिल लागल्यावरही मासा ठेवायला लगेच पिशवी उघडू नका! २०१६ पासून नद्यांना तिथल्या सॅमनच्या स्थितीनुसार दरवर्षी १ ते ३ अशी श्रेणी देतात. नदी तिसऱ्या श्रेणीत असेल तर हंगामभर मासा सोडायचाच. श्रेणी बदलू शकते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

रविवारी सॅमनसाठी गळ टाकायला बंदी आहे. सुट्टी दोनच दिवसांची असेल तर हे आधी लक्षात घ्या, नाहीतर काठावर बसून नुसतं पाणी बघावं लागेल. आणि हो, गळाने पकडलेला सॅमन विकणं तिथे बेकायदा आहे.