साध्या सायकलला मोटर : कोल्हापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

गेल्या दिवाळीत माझ्या जुन्या सायकलला इलेक्ट्रिक किट बसवलं. तेव्हापासून सिग्नलला कुणी ना कुणी विचारतंच, "केवढ्याला पडलं? किती पळती?" माझ्या एकट्याच्या उत्तरानं भागत नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी बसवून काढून टाकलं त्यांनी तर जरूर लिहा. विकणाऱ्यांनी जाहिरात करू नये.

सुरुवात मीच करतो. राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. मागच्या चाकात 250 वॅटची हब मोटर (चाकाच्या मधोमध तुंब्यातच बसते ती), 36 व्होल्ट 10 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. म्हणजे 360 वॅट-अवर; पूर्ण चार्जला अर्धा युनिट वीज धरा. पायडल मारत गेलो तर 35 किलोमीटर जाते, नुसता थ्रॉटल, म्हणजे मुठीतला ॲक्सिलरेटर, पिळला तर 22-23 ला मान टाकते. बॅटरीसकट 23 हजार गेले.

एका रविवारचं काम वाटलं होतं, तीन रविवार लागले. चाक तासाभरात बसलं. पण कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणाऱ्या डबीतून, वायरींचा झुबका निघतो : मोटरच्या तीन जाड, हॉल सेन्सरच्या (मोटर फिरून कुठं आली ते कळवणारे) पाच बारीक, थ्रॉटलच्या तीन, ब्रेकच्या दोन-दोन. रंगाला रंग जोडला तरी चाक नुसतं गचके देत कण्हत होतं. दोन पांढऱ्या वायरी मात्र कशालाच न जोडता लोंबत होत्या. तिसऱ्या रविवारी त्या एकमेकींना जोडल्या, तर चाक चक्क उलटं फिरायला लागलं. पोटात गोळा आला. सोडून परत जोडल्या, सुलटं फिरलं. कंट्रोलर त्या वायरींवरून मोटरची ओळख करून घेतो म्हणे. किटसोबतच्या कागदावर त्याबद्दल एक ओळ नव्हती.

चूक एकच केली. 15 च्या वेगाची सायकल 25 नं पळवली आणि ब्रेकचे रबर जुनेच ठेवले. विद्यापीठाकडून उतरताना पुढं रिक्षा थांबली आणि मी तिच्या मागच्या सीटपर्यंत पोचलो. दुसऱ्या दिवशी आधी रबर बदलले.

मंगळवार पेठेतून

आमच्या आबांची सायकल 28 इंची, रॉड ब्रेकची, माझ्यापेक्षा वयानं मोठी. किट मिळतं 26 इंची चाकाचं. त्यामुळं नुसती मोटर घेतली आणि सायकलवाल्या मामांकडून आबांच्याच रिममध्ये विणून घेतली. मोटरचा हब एवढा मोठा की तारा (स्पोक) आखूड लागतात. त्या मापाच्या मिळेनात, म्हणून मामांनी लांब तारा कापून आटे पाडले. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला त्यांना अख्खी दुपार लागली. मोटर पुढच्या चाकात आहे, त्यासाठी चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) थोडा फाकवावा लागला.

आबा म्हणाले, "पायडल मारायचं नसंल तर केएमटीच्या बसनं जातो की!" पंधरा दिवस त्यांनी बटणाला हात लावला नाही. मग गुडघा दुखायला लागला. आता रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारून गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातात, सायकल स्टँडवर लावतात आणि म्हशीवाल्यांना पुढचं चाक हवेत फिरवून दाखवतात. बॅटरी संपते ती निम्मी त्यातच.

उद्यमनगरातून

मी लेथवर असतोय. वरचं वाचून सांगावंसं वाटलं. साध्या चाकाचा ॲक्सल नुसता चाक धरतोय. हब मोटरचं तसं नाही, मोटर चाक पुढं ढकलती तवा ॲक्सलला उलटी पिरगाळती. ॲक्सलच्या दोन्ही बाजू चपट्या करून त्यो फ्रेमच्या नायतर चिमट्याच्या खाचंत अडकवलेला असतोय. नट जरा ढिला झाला की ॲक्सल खाचंत गर्रकन फिरतोय आणि त्यातनं आलेली वायर तुटती. अशी पिळलेली मोटर घिऊन लोक माझ्याकडं आल्यात.

त्यावर उपाय म्हणून 6 मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी घाला. पट्टीची खाच ॲक्सलवर हातोडीनं हळू ठोकून बसली पाहिजे, हातानं सरकली तर फाईल जास्त मारलीया. दुसरं टोक फ्रेमला क्लॅम्पनं आवळा. आणि आबांचा चिमटा लोखंडी हाय म्हणून चाललंय. ॲल्युमिनियमच्या शॉकअपवाल्या चिमट्यात मोटर घालू नका भावांनो, खाच फुटली तर दात राहायचं नाहीत.

फुलेवाडीतून

मी बसवून काढलेल्यातला. मित्रांनी पैज लावली, पन्हाळ्यापर्यंत थ्रॉटलवर जाऊन दाखव. 20 किलोमीटरचं अंतर, त्यात शेवटचा घाट. घाटापर्यंत लई भारी. चढाला वेग सातवर आला आणि मी पिळतोच आहे. कमी वेगात हब मोटर वीज खाते, पण तिची फिरण्यापेक्षा उष्णताच जास्त होते. दुसऱ्या वळणाला मोटरवर हात ठेवला तर चटका बसला. तिसऱ्याला खरखर सुरू झाली. आतले प्लॅस्टिकचे गिअर गेले होते. मला वाटलं होतं उतरताना बॅटरी चार्ज होईल, तर गिअरवाल्या मोटरला तेही जमत नाही, उतारावर ती सुटी फिरते.

कसबा बावड्यातून

मी शिक्षिका आहे. माझ्या लेडीज सायकलला थ्रॉटल लावलाच नाही, फक्त पायडल असिस्ट. पायडल फिरलं की मोटर हात देते, थांबलं की थांबते. शाळेत घामाघूम होऊन पोचायचं नाही एवढीच अपेक्षा होती, ती पुरी झाली. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न : लायसन्स लागतं का? नियमाप्रमाणे मोटर 250 वॅटच्या आत, वेग 25 च्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. नंबर प्लेट नाही, लायसन्स नाही. 500 किंवा 1000 वॅटची मोटर घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. हेल्मेट मी घालते. वर्गातली पोरं हसतात, हसू देत.

शाहूपुरीतून

पावसाबद्दल कुणीच लिहिलं नाही. कंट्रोलर असा बसवा की वायरी खालच्या बाजूनं निघतील, नाहीतर वायरीवरून ओघळलेलं पाणी थेट आत जातं. माझा पहिला कंट्रोलर असाच गेला.

2021 च्या जुलैत आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा बॅटरी पहिल्या मजल्यावर नेली, सायकल खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर मोटर सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. महिन्यानं बेअरिंग गंजून ओरडायला लागलं. मोटर उघडून वाळवायची असते हे तेव्हा माहीत नव्हतं. आता पंचगंगा पात्राबाहेर पडल्याची बातमी आली की गॅस सिलिंडरच्या आधी चाक वर जातं, बायको काही का म्हणेना.

परत राजारामपुरीतून

उद्यमनगरवाले, माझ्या ॲक्सलला पट्टी नाही. तुमचं वाचून खाली जाऊन पाना लावून बघितला, डावा नट अर्धा आटा फिरला. येत्या सोमवारी चाक घेऊन येतो, लेथ चालू असेल ना?