मदत हवी आहे : आईच्या पायातली चप्पल निसटते, तिला कळत नाही

आम्ही दारव्हा तालुक्यातले. तीन महिन्यांपासून आईच्या तळपायाला मुंग्या येतात. परवा वावरातून एका पायात चप्पल घालून आली, दुसरी धुऱ्यावरच राहिली! गावात बी-१२ची इंजेक्शनं झाली, शुगर नॉर्मल. यवतमाळला एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगानं जातो ते बघायची तपासणी) केली. नसांवरचं आवरण खराब झालंय, सीआयडीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांच्या आवरणावर उलटते तो आजार) असेल म्हणाले. जीबीएस (असाच, पण झपाट्यानं वाढणारा नसांचा आजार) चार आठवड्यांत टोकाला जातो, सीआयडीपी आठ आठवड्यांनंतरही वाढतच राहतो, एवढं समजलं. आता पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासायचंय. शेजारच्या काकू म्हणतात त्यानं कंबर जाते, तेव्हापासून आई तयारच होत नाही. कोणाकडे झाली आहे का ही तपासणी? अन् स्टेरॉइडवर भागलं की आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीजचं औषध) लागलं? पुढच्या आठवड्यात नागपूरला न्यूरोलॉजिस्टकडे जातोय, काय विचारून घेऊ?