मदत हवी आहे: आईला तंजावरचा मराठी शिलालेख दाखवायचाय

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईला घेऊन तंजावरला निघालोय. हातात पाच दिवस आहेत. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखरे. शाळेत मराठी शिकवायची, निवृत्तीनंतर हौसेनं मोडी शिकली. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या आवारात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, १८०३ साली. तो एकदा बघायचा, एवढंच तिचं मागणं आहे. त्याचा एक फोटो मी मोठा छापून आणलाय. सकाळचा चहा झाला की भिंग घेऊन बसते, बोट ठेवून एकेक शब्द लावते, आणि ओळ पुरी लागली की मला हाक मारते.

कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर सांगा: अक्षरं नीट दिसायला ऊन कुठल्या वेळी बरं पडतं? तिथे टेकायला जागा आहे का? तिला घाईनं बघायचं नाहीये, तासभर तरी लागेल. आणि अनवाणी चालायचं तर दगड किती वाजेपर्यंत सोसवतो? राजराज चोळानं १०१० मध्ये बांधून पुरं केलेलं ते देऊळ मला संध्याकाळीही बघायचंय, पण तिला दोन खेपा झेपतील असं वाटत नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रं आहेत. साध्या पर्यटकाला त्यातलं काही बघायला मिळतं, की आधी अर्ज करावा लागतो?

मुक्काम तंजावरलाच ठेवावा की दोन रात्री कुंभकोणमला? तिथून दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ आणि स्वामीमलईचे पंचधातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर जवळ पडतील. तिरुवैयारूला जायचंच आहे. कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची आराधना, म्हणजे पुण्यतिथीचा संगीतोत्सव, तिथे त्याच सुमारास असते, तेव्हा गर्दीत म्हाताऱ्या माणसाला बसायला मिळतं का? तिथला मुगाच्या डाळीचा अशोका हलवाही तिला चाखायचाय.

खाण्याचं शेवटी विचारतोय, पण तिला याचीच जास्त उत्सुकता आहे. तिकडे कारल्याचं पिटलै करतात, डांगर पचडी करतात. नावं ऐकल्यापासून ती पिठलं आणि आपल्या उडदाच्या डांगराशी ताडून बघतेय. हे पदार्थ खानावळीत मिळतात का? नसतील मिळत, तर तंजावरी मराठी घरातलं कुणी इथे आहे का, ज्यांच्याशी आईला फोनवर दोन शब्द बोलता येतील?