'गिगू' अशी सही असलेले फ्रेंच निसर्गचित्र: पारख कशी करावी?

मांडवीकाठ: सासष्टीतील एका जुन्या घरातले सामान विक्रीस निघाले, तेव्हा माझ्या काकांनी एक तैलचित्र घेतले. तळे, काठावरची गर्द झाडे आणि वर धुके असे दृश्य असून उजव्या कोपऱ्यातील सही 'गिगू' अशी लागते. कॅनव्हास ४६ बाय ३३ सेंटीमीटर असून मागच्या चौकटीवर ८ हा आकडा आहे. हे दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या पॉल गिगू या चित्रकाराचे असू शकेल का? पाठीमागे बुरशी धरू लागली आहे. ती पुसावी काय?

रंगपट: माप फ्रेंच आहे यात शंका नाही. तेथे कॅनव्हास क्रमांकाने विकतात, आणि निसर्गचित्राचा आठ नंबर नेमका ४६ बाय ३३ असतो. व्यक्तिचित्राच्या आठ नंबराची रुंदी ३८ असते. परंतु ही मापे आजही चालू असल्याने त्यांवरून काळ ठरत नाही. कॅनव्हास खिळ्यांनी ठोकला आहे की स्टेपलने, ते आधी पाहावे.

गिगूचे नाव मात्र मला पटत नाही. १८३४ मध्ये वोक्लूझ प्रांतातील व्हिलार येथे जन्मलेला आणि काही काळ नोटरीच्या कचेरीत कारकुनी केलेला हा चित्रकार १८७१ मध्ये, चाळिशीही न गाठता, वारला. दुरान्स नदीचे रुंद, कोरडे पात्र, पांढरट चुनखडीचे डोंगर आणि डोळे दिपवणारे ऊन हा त्याचा प्रदेश. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील त्याची १८६० ची धोबीण भर उन्हात पाठमोरी बसलेली आहे, आणि त्या उजेडात ओलाव्याचा मागमूसही नाही. तुमचे धुके आणि तळे बार्बिझाँ वळणाचे, म्हणजे पॅरिसजवळच्या त्या गावी जमलेल्या एकोणिसाव्या शतकातील निसर्गचित्रकारांच्या धाटणीचे वाटते. शिवाय सही हा चित्रावरचा सर्वांत कमी खर्चात वाढवता येणारा भाग असतो!

मांडवीकाठ: खिळे आहेत, तेही गंजलेले.

चिरेबंदी: मग सही भिंगाखाली पाहा. तिचा रंग पृष्ठभागावरच्या जुन्या भेगांत उतरला असेल, किंवा ती वार्निशच्या वर असेल, तर ती मागाहून घातलेली समजावी. बुरशीला ओले फडके लावू नका आणि पापुद्रे सुटले असतील तर ब्रशही फिरवू नका; चित्रसंवर्धकाकडे नेईपर्यंत ते पावसाच्या बाजूच्या चिऱ्याच्या भिंतीवरून उतरवून हवेशीर खोलीत ठेवा. आणखी एक, परदेशी लिलावाचा विचार असल्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हे काकांच्या कानावर घालावे.